दीपाली : नावाचा अर्थ, उगम आणि लेखन

दीपाली म्हणजे दिव्यांची ओळ. ‘दीप’ आणि ‘आली’ या दोन संस्कृत शब्दांचा हा समास आहे. ‘दीप्’ या धातूचा अर्थ प्रकाशणे, उजळणे. त्यावरून ‘दीप’ हा शब्द झाला. ‘आली’ किंवा ‘आलि’ म्हणजे रांग, पंक्ती. ‘दीप’मधला शेवटचा ‘अ’ आणि ‘आली’तला पहिला ‘आ’ मिळून एकच दीर्घ ‘आ’ होतो. शाळेच्या व्याकरणात याला सवर्णदीर्घ संधी म्हणतात. ‘दीपावली’ हा याच घडणीचा जुळा शब्द. तिथे ‘आली’च्या जागी ‘आवली’ आहे आणि तिचाही अर्थ ओळ असाच आहे. नामावली, ग्रंथावली, प्रश्नावली या रोजच्या शब्दांत तीच ‘आवली’ दिसते. म्हणजे दीपाली हे दिवाळीचेच नाव आहे, फक्त एका अक्षराने आटोपशीर.

नावांच्या पुस्तकांत दीपाली या नावापुढे ‘दिवा’, ‘ज्योत’ किंवा ‘प्रकाश’ असे काहीतरी छापलेले असते. हा अर्थ अपुरा आहे. एक दिवा हा दीप. त्याची दीपाली होत नाही. या नावाचा सगळा जीव ‘ओळ’ या अर्थात आहे. वसुबारसेच्या संध्याकाळी पहिली पणती तुळशीवृंदावनापाशी लागते, तेव्हा तो नुसता दिवा असतो. मग तिच्या ज्योतीला दुसऱ्या पणतीची तेलात भिजलेली वात टेकवतात, ती तडतडून धरते, तिसरी दुसरीवरून लागते आणि उंबरठ्याच्या दोन टोकांपासून पायऱ्यांवर, गच्चीच्या कठड्यावर दिवे एकामागून एक उभे राहतात. डोळ्यांना आता सुटा दिवा दिसत नाही, रेघ दिसते. ती रेघ म्हणजे दीपाली. मुलीला हे नाव ठेवताना पालकांनी हा अर्थ नीट समजून घेतला, तर पुढे ती स्वतः अर्थ विचारील तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

‘आली’ हा शब्द मराठीला परका नाही. संस्कृत-प्राकृतातला दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ मराठीत बहुधा ‘ळ’ होतो : फल-फळ, काल-काळ, बाल-बाळ. त्याच वाटेने ‘आली’ची ‘आळी’ झाली. एका ओळीत वसलेल्या घरांची ती आळी. पुण्यातली तांबट आळी म्हणजे तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या घरांची ओळ. ‘दिवाळी’ हा शब्दही असाच घडला. संस्कृत दीपावलीतला ‘प’ प्राकृतात ‘व’ झाला, मधली अक्षरे एकमेकांत मिसळली आणि मराठीच्या तोंडी शेवटी ‘ळ’ आला. हिंदीत तो ‘दिवाली’ राहिला. एकाच मुळापासून निघालेले दोन शब्द मराठीत अशा रीतीने शेजारी नांदतात : सणासाठी घरात रुळलेला दिवाळी आणि मुलीसाठी संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला दीपाली.

संस्कृतात ‘आली’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, सखी. त्यावरून दीपाली म्हणजे ‘दिव्याची सखी’ असेही कोणी सांगतात. शब्दाची फोड तशी करता येते, पण जुन्या ग्रंथांत हा शब्द येतो तो दिव्यांच्या ओळीसाठी आणि त्या सणासाठीच. मराठी क्रियापद ‘आली’ याच्याशी मात्र नावाचा काहीही संबंध नाही. ‘दीप’ पुल्लिंगी असल्याने तसे असते तर ‘दीप आला’ झाले असते.

ग्रंथांतला मागोवा घेतला तर सण आणि शब्द यांची वये वेगवेगळी आहेत. कार्तिकाच्या तोंडावर दिवे लावण्याचा उत्सव जुना आहे, पण त्याला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी नावे होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘यक्षरात्री’चा उल्लेख आहे आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या देशी शब्दांच्या कोशात त्या रात्रीची दिवाळीशी सांगड घातली. सातव्या शतकातल्या हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात ‘दीपप्रतिपदुत्सव’ येतो आणि त्या प्रसंगी नवविवाहितांना भेटी दिल्या जातात. महाराष्ट्रातल्या दिवाळसणाची आठवण यावी असाच हा प्रसंग आहे. दीपाली या रूपाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द आढळतो तो जैन आचार्य जिनसेन यांच्या ‘हरिवंशपुराणा’त. शके ७०५ मध्ये, म्हणजे इ.स. ७८३ मध्ये रचलेल्या या ग्रंथात भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या निमित्ताने लोक दरवर्षी दिवे लावतात असे सांगताना ‘दीपालिका’ हा शब्द वापरला आहे. नाव हिंदू घरांत जितके रुळले तितकेच जैन घरांतही का रुळले, याचे उत्तर इथे आहे. दोन्ही परंपरांत ती रात्र दिव्यांचीच आहे.

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त याच उत्सवासाठी ‘दीपमालिका’ आहे. इ.स. १०३० च्या सुमारास अल्-बेरूनीने हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात सूर्य तूळ राशीत असताना येणाऱ्या ‘दीबाली’चे वर्णन केले : लोक स्नान करून नवे कपडे घालतात, एकमेकांना विडा-सुपारी देतात, देवळात जातात आणि पुष्कळ दिवे लावतात. त्याने सांगितलेली कथाही बलिराजाची आहे. मराठीत तेराव्या शतकातल्या ‘ज्ञानेश्वरी’त दिवाळी हा शब्द उपमेसाठी सहज येतो, म्हणजे तोवर तो ऐकणाऱ्यांच्या पूर्ण ओळखीचा झाला होता. हा सगळा इतिहास निगुतीने जुळवण्याचे मोठे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी केले. दिवाळीवर लिहिणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे.

सणाचे नाव माणसाला देण्याची रीत जुनी असली, तरी दीपाली हे रूप तुलनेने नवे आहे. आधीच्या पिढ्यांत सणाचे नाव सरळ उचलून मुलीला देत आणि त्याला आपल्या भागाचे आदरार्थी शेपूट जोडत. गुजराती लोकगायिका दिवाळीबेन भील यांचे नाव असेच आहे; त्यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. संस्कृत रूप निवडण्याचा ओढा शिकलेल्या घरांत विसाव्या शतकात वाढला आणि दीपालीच्या बाबतीत तो बंगालमध्ये लवकर दिसतो. लीला नाग यांनी १९२३ मध्ये ढाक्याला स्त्रियांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, तिचे नाव ‘दीपाली संघ’. एकीने दुसरीला शिकवावे, दिव्याने दिवा लावावा, या कामाला याहून नेमके नाव सापडले नसते. त्याच सुमारास, १९२२ मध्ये, दार्जिलिंगला जन्मलेल्या दीपाली तालुकदार पुढे दीपाली नाग या नावाने आग्रा घराण्याच्या गायिका म्हणून प्रसिद्ध झाल्या. आसामच्या गायिका दीपाली बरठाकूर यांना १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात हे नाव क्रीडाक्षेत्रात ठळक केले ते नेमबाज दीपाली देशपांडे यांनी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या खेळल्या आणि पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेच्या त्या प्रशिक्षक.

मराठी घरांत शेवटी ‘-आली’ असलेल्या नावांची लाट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. रूपाली, सोनाली, वैशाली, चैताली, मिताली, शेफाली या सगळ्या एका वर्गात एकाच बाकावर बसू लागल्या. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्यापासून बंगाली नावांचा गोडवा मराठी कानांना लागला होता, त्याचाही या लाटेत वाटा असावा. कानाला ही नावे बहिणी वाटतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. बहिणींची नावे जुळवून ठेवू पाहणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे. रूपालीत ‘आली’ खरोखर ओळीची आहे. सोनाली हे बंगालीतले विशेषण, अर्थ सोनेरी. मिताली म्हणजे बंगालीत मैत्री. चैताली म्हणजे चैत्रातली. रवींद्रनाथांचा १८९६ चा कवितासंग्रह याच नावाचा आहे. शेफाली हे शेफालिका या फुलझाडाचे, म्हणजे पारिजातकाचे, रूप. वैशाली हे तर बुद्ध आणि महावीर यांच्या काळातल्या प्रसिद्ध नगरीचे नाव. दीपालीच्या बहिणीला सणाचाच धागा हवा असेल, तर चैत्राली हे नाव घडणीनेही जवळचे आहे आणि गुढीपाडव्याच्या महिन्याचेही आहे.

दीप या मुळापासून निघालेल्या शेजारच्या नावांशीही दीपालीची गल्लत होते. दीप्ती म्हणजे तेज, चमक. दीपिका म्हणजे लहान दिवा. जुन्या ग्रंथांवरच्या टीकांनाही ‘दीपिका’ म्हणत, कारण त्या अवघड जागी उजेड पाडतात. दीपशिखा म्हणजे ज्योत. दीपमाला अर्थाने दीपालीच्या सर्वांत जवळ. मुलाच्या नावांत दीपक आणि दीपंकर आहेत. दीपंकर हे नाव बौद्ध परंपरेतले, गौतमाच्या आधीच्या एका बुद्धाचे. मुलीचे नाव थेट ‘दिवाळी’ ठेवायचे कोणाच्या मनात असेल, तर मराठीत ‘दिवाळे’ आणि ‘दिवाळखोर’ हे शब्द शेजारीच आहेत हे लक्षात असू द्यावे. दीपालीला ती अडचण नाही.

आता बारशाचा भाग. पूर्वीच्या नामकरणविधीत बाळाला एक नाव नसे, चार असत : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. तबकात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने ती लिहीत. आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करते आणि जे नाव सांगते, ते व्यावहारिक. आज बहुतेक घरांत हे एकच उरले आहे आणि चारही नावांचा भार त्याच्यावर पडला आहे. ते अर्थाने चांगले हवे, आजीला आवडायला हवे, शिवाय पत्रिकेतल्या अक्षरानेही सुरू व्हायला हवे.

दीपालीच्या बाबतीत इथे एक पेच हमखास येतो. अवकहडा चक्रात ‘दी’ हे अक्षर पूर्वाभाद्रपदा नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे आहे आणि त्याची रास मीन. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला सूर्य तूळ राशीत असतो आणि अमावास्या म्हणजे चंद्र सूर्याजवळ, म्हणून चंद्रही तुळेतच. नक्षत्र बहुधा चित्रा किंवा स्वाती. धनत्रयोदशी ते भाऊबीज या दिवसांत चंद्र साधारण कन्येपासून वृश्चिकेपर्यंत फिरतो, मीन राशीच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे ऐन दिवाळीत जन्मलेल्या मुलीचे जन्माक्षर ‘दी’ येऊच शकत नाही. स्वातीवर जन्मली तर रू, रे, रो, ता; चित्रेवर जन्मली तर पे, पो, रा, री. अक्षर जुळत नाही म्हणून हिरमुसण्याचे मात्र कारण नाही. नाक्षत्रनाम पत्रिकेत वेगळे लिहावे आणि हाक मारायचे नाव दीपाली ठेवावे. चार नावांची जुनी रीत नेमकी यासाठीच होती, आणि तीच शहाणपणाची आहे.

जुन्या गृह्यसूत्रांत मुलीच्या नावाची अक्षरसंख्या विषम असावी असे सांगितले आहे. स्मृतींत नाव उच्चारायला सोपे, स्पष्ट अर्थाचे आणि दीर्घ स्वरात संपणारे असावे असे म्हटले आहे. दीपाली तीन अक्षरांचे, जोडाक्षर नसलेले आणि दीर्घ ‘ई’ने संपणारे नाव आहे.

हे नाव दिवाळीत जन्मलेल्या मुलींपुरतेच आहे असे मुळीच नाही. उलट दिवाळीत जन्म झाला म्हणून नाव ठेवले, तरी इंग्रजी तारखेचा वाढदिवस दरवर्षी दिवाळीत येत नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. मुलीला सणाशी जोडून ठेवायचे असेल, तर तिथीने औक्षण आणि तारखेने वाढदिवस अशी दोन्हींची सोय घरात करता येते. सणाच्या एखाद्या विशिष्ट दिवसाचे नाव हवे असेल तर पर्याय आहेत : वसुबारसेला नंदिनी, नरकचतुर्दशीला भामा, लक्ष्मीपूजनाला पद्मजा किंवा इंदिरा, भाऊबीजेला यमुना. कार्तिकी हे नाव महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे पाडव्यापासून पुढे शोभते, कारण लक्ष्मीपूजनापर्यंत आश्विन चालू असतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडे तीच अमावास्या कार्तिकातली धरतात.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती लिहिण्यात. नाव ‘दीपाली’ आहे, ‘दिपाली’ नव्हे. दीप हा संस्कृतातून जसाचा तसा आलेला शब्द असल्याने त्यातला ‘दी’ दीर्घच राहतो. गोंधळ होतो तो दिवा आणि दिवाळी या शब्दांमुळे. ते मराठीच्या वळणाने घडले आहेत, म्हणून तिथे ‘दि’ ऱ्हस्व बरोबर आहे. दिवाळीचा ‘दि’ नकळत हातातून दीपालीत उतरतो आणि शाळेच्या हजेरीपटावर, लग्नपत्रिकेवर, दारावरच्या पाटीवर ‘दिपाली’ कायमची होऊन बसते. दीपक, दीपिका, दीप्ती या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. एखादी स्त्री आपले नाव वर्षानुवर्षे ऱ्हस्व लिहीत आली असेल, तर ते तिचे नाव आहे आणि तिच्या कागदपत्रांत तेच चालू राहावे. पण नवे नाव ठेवताना चूक जाणूनबुजून पुढे नेऊ नये.

रोमन लिपीत दोन रूपे चालतात. एकात ‘डी’नंतर दोन ‘ई’ येतात, दुसऱ्यात एकच ‘आय’. देवनागरीतला दीर्घ ‘दी’ पहिल्या रूपात स्पष्ट वाचला जातो. परदेशी राहणाऱ्या कुटुंबांना तेच सोयीचे, कारण ‘आय’वाल्या रूपाचा उच्चार इंग्रजी बोलणारे ‘डायपाली’ असाही करतात. ‘द’चा ‘ड’ मात्र दोन्हींत होणारच. तो मुलीने आणि तिच्या आईवडिलांनी प्रेमाने दुरुस्त करत राहावा. कोणतेही रूप निवडले तरी ते एकदाच निवडावे. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरे झाले, की पारपत्राच्या वेळी सगळ्या घराची धावपळ होते.

नोंदणीची घाई करण्याची गरज नाही, पण दिरंगाईही नको. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. तोवर नाव ठरले नसेल तर नावाची जागा रिकामी ठेवून नोंद करता येते. पुढे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क नोंदवता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. लेखनातली चूक दुरुस्त करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदपत्रांत आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशा क्रमाने लिहायचे आहे. आईच्या नावाचे अक्षरलेखनही म्हणून तितकेच काटेकोर हवे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा ठरला आहे, तेव्हा शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत पुढचे सगळे कागद त्याच्यावरूनच तयार होतात. मोठेपणी नाव बदलायचे झाले तर राजपत्रात प्रसिद्धी आणि मग एकेका कागदाची दुरुस्ती, असा लांबचा फेरा पडतो.

हा फेरा टाळणे पालकांच्या हातात आहे. रुग्णालयात किंवा पालिकेच्या कार्यालयात फॉर्म भरताना नाव तोंडी सांगू नये. देवनागरीत आणि रोमन लिपीत ठळक अक्षरांत कागदावर लिहून द्यावे. दाखला हातात पडल्यावर, खिडकीपासून दूर होण्याआधी, ‘दी’ दीर्घ आहे ना हे एकदा वाचून घ्यावे.